इंजिनाचें गोत्र

गेल्या ज्येष्ठांत अलिबागेहून आमच्या थोरल्या भगिनीचा निरोप आला. पूर्वीं ती आंतर्देशीय पत्र लिहीत असे. हल्लीं फोनवर चार ओळी टंकून पाठविते, पण त्या चार ओळींत मजकूर मात्र पत्राइतकाच असतो. "अप्पांची गाडी कार्लेखिंडींत बंद पडली. टेम्पोला दोर बांधून घरीं आणली. हे दोन दिवस धड जेवलेले नाहींत. सवड काढून ये," इतकेंच तिनें कळविलें होतें. मोटार बंद पडल्यामुळें गृहस्थानें जेवण टाकावें हें ज्यांस विपरीत वाटेल त्यांनीं येथेंच थांबून पुढील पानांवरील पाककृतींकडे वळावें. आम्हांस त्यांचा राग नाहीं. ज्यांच्या घरांत आजोबांचें घड्याळ, आजीचें शिवणयंत्र किंवा वडिलांची मोटार असें एखादें यंत्र माणसासारखें वावरत आहे, त्यांच्याकरितां मात्र ही हकीकत आम्ही थोड्या विस्तारानें सांगणार आहों.

अप्पा म्हणजे आमच्या भावोजींचे कैलासवासी वडील. अलिबागेंत त्यांचा दवाखाना होता. १९८७ सालीं त्यांनीं 'प्रीमियर ११८ एनई' ही गाडी घेतली. त्या काळीं रस्त्यावर दिसावयाच्या त्या अँबॅसडर, पद्मिनी आणि नुकतीच आलेली मारुति. पद्मिनीचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, पण जुन्या घडणीचें. ही नवी गाडी चढावर अशी कांहीं झेंप घेई कीं शर्यतींच्या हौशी मंडळींचे डोळे तिजकडे लागले होते. अप्पांस शर्यतींशीं कांहींच कर्तव्य नव्हतें. रात्रीं रेवदंड्याहून किंवा चौलाहून बोलावणें आलें कीं माणसांत धुगधुगी आहे तोंच पोहोंचावें, एवढीच त्यांची ईर्ष्या. "या गाडीनें मला दहा मिनिटें मिळवून दिलीं," असें ते म्हणत. त्या दहा मिनिटांमुळें कोण कोण वांचलें त्यांचीं नांवें माईंस, म्हणजे भावोजींच्या मातोश्रींस, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं अजून पाठ आहेत.

अशा गाडीस वय झालें म्हणून सरकार माफी देत नाहीं. पंधरा वर्षें झालीं कीं पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करवून नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. त्याची फी पूर्वीं ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि २०२५ सालीं वीस वर्षांवरील मोटारींकरितां तीहि दुप्पट झाली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर निराळा. पन्नास वर्षें पुरीं झालीं म्हणजे गाडी 'विंटेज' ठरते व तिला वेगळे नियम लागूं होतात. पण अप्पांच्या गाडीस तो मान मिळण्यास २०३७ साल उजाडावें लागेल. तोंपर्यंत तिनें इतर गाड्यांसारखेंच रस्त्यावर उभें राहून आपलें सामर्थ्य सिद्ध करावयाचें.

भावोजींनीं हें सगळें आनंदानें सोसलें होतें. चैत्रांत गाडी तापूं लागली तेव्हां गांवच्या गॅरेजवाल्यानें 'हेड गॅस्केट' गेल्याचें सांगितलें. गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचें हेड यांच्यामध्यें बसणारा पातळसा पत्रा. एकीकडे जळता वायु, दुसरीकडे पाणी, तिसरीकडे तेल. या तिघांनीं एकमेकांस शिवूं नये एवढ्याचसाठीं त्याचा जन्म. सोंवळ्याची इतकी कडक अंमलबजावणी आमच्या आजीनेंहि कधीं केली नसेल. भावोजी मुंबईस जाऊन एका दुकानांतून नवें गॅस्केट घेऊन आले. डबी देखणी होती, तिजवर चकचकीत चिकटपट्टी होती, आणि दुकानदारानें "प्रीमियरचेंच आहे, डोळे मिटून बसवा" असें सांगितलें होतें. भावोजींनीं खरोखरच डोळे मिटून तें बसविलें. तें चाळीस किलोमीटरहि टिकलें नाहीं.

आम्ही पुण्याहून अलिबागेस पोहोंचलों तेव्हां गाडी अंगणांत आंब्याखालीं उभी होती, आणि तिचें हेड उतरवून ओटीवर वर्तमानपत्रावर ठेवलेलें होतें. भावोजी त्याच्याकडे, दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकानें आंतल्या दाराकडे पाहावें तसे पाहत होते. संध्याकाळीं ताईनेंच मार्ग सुचविला. कोळीवाड्यांत मासेमारीच्या बोटींचीं इंजिनें दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री आहे. मोटारींचें काम तो घेत नाहीं, पण लहानपणीं अप्पांनीं त्याचा ताप उतरविला होता, तेव्हां "डॉक्टरांच्या गाडीसाठीं" तो येईल. आणि तो आला.

त्याचें काम पाहण्यासारखें होतें. त्यानें प्रथम जळलेलें गॅस्केट हातांत घेतलें, वांकवून पाहिलें आणि बाजूस ठेवलें. मग हेड उपडें करून घांसून लख्ख केलें, त्यावर पोलादाची सरळ पट्टी उभी धरली, आणि पट्टीखालून फिलर गेजचीं पातळ पानें एकामागून एक सरकवूं लागला. मधोमध आठ थाऊचें पान सहज आंत गेलें. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरच्या हिशेबानें आठ थाऊ म्हणजे सुमारें दोन दशांश. मग पाणी खेळविण्यासाठीं हेडाला जीं भोकें असतात त्यांच्या कांठावरून त्यानें नख फिरविलें. तेथें धातूस वाळवी लागावी तसे खड्डे पडले होते.

"सर," मिस्त्री म्हणाला (भावोजी शाळेंत गणित शिकवीत असत), "गॅस्केटला शिव्या देऊं नका. तें खोटें होतें हें खरें, पण खरें असतें तरी त्याला बसायला जागा कुठें आहे? गाडीत पाणी कोणतें घालतां?"

"विहिरीचें," भावोजी म्हणाले.

मिस्त्री हंसला नाहीं, हें आम्हांस आवडलें. अलिबागेकडील घरगुती विहिरींचें पाणी, विशेषतः समुद्रापासून हांकेच्या अंतरावर, पुष्कळ ठिकाणीं मचूळ असतें. तें पिणाऱ्यास कळतें. रेडिएटरला कळत असूनहि बोलतां येत नाहीं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अल्युमिनियमचें. दोन निरनिराळे धातु खाऱ्या पाण्यांत एकत्र आले कीं तो विजेचा एक लहानसा घटच होऊन बसतो, आणि त्यांत अल्युमिनियम हळूहळू खर्ची पडतें. शाळेंत जस्त आणि तांबें लिंबांत खुपसून दिवा लावण्याचा प्रयोग मुलें करतात; भावोजींच्या गाडींत तोच प्रयोग बिनबोभाट कित्येक वर्षें चालला होता. अप्पा असतांना दवाखान्यांतील ऊर्ध्वपातित पाणी गाडींत जाई. ते गेल्यावर ही लहानशी गोष्ट कोणाच्या लक्षांत राहिली नाहीं. भावोजींस हें उमगलें तेव्हां त्यांचा चेहरा पाहवेना. गाडी त्यांनीं फार जपली होती, आणि त्यांच्याच हातांनीं तिला हें पाणी पाजलें गेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही त्यांस किनाऱ्यावर फिरावयास नेलें. अलिबागेची चुंबकीय वेधशाळा पुष्कळांनीं बाहेरून पाहिली असेल. मुंबईस विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानें कुलाब्यांतील चुंबकमापनांत व्यत्यय येणार, म्हणून १९०४ सालीं तें काम येथें आणलें गेलें, आणि उपकरणांची इमारत लोखंडाचा स्पर्श न होऊं देतां बांधली गेली. सबंध गांवांत समुद्राची भीति न बाळगणारें हें एकच घर असावें, कारण समुद्रानें खावें असें तेथें कांहीं ठेवलेलेंच नाहीं. बाकी खिडक्यांचे गज म्हणूं नका, बिजागऱ्या म्हणूं नका, सगळ्यांस खारा वारा सारखाच चाटतो. भावोजी ऐकत होते कीं नाहीं कोण जाणे. परत फिरतांना म्हणाले, "दुसरें हेड मिळेल का रे?"

हेडाचे खड्डे नुसते घांसून कां काढूं नयेत, असा प्रश्न वाचकांस पडेल. आम्हीहि तो विचारला. थोडी घसाई चालते; तिला कारागीर 'फेसिंग' म्हणतात. परंतु खड्डे खोल होते. ते नाहींसे होईपर्यंत हेड तासलें तर वायु जळण्याची पोकळीच लहान होते, दाब वाढतो, आणि इंजिन ठोके मारूं लागतें. म्हणजे एक तर दुसरें हेड मिळवावें, किंवा खड्ड्यांत धातु भरून मग तें सपाट करावें. दोहोंसाठींहि खरें गॅस्केट हवेंच. आणि येथेंच मिस्त्रीनें तो प्रश्न विचारला, ज्याकरितां आम्ही हें सर्व लिहीत आहों.

"हें इंजिन कोणाचें?"

"प्रीमियरचें. फियाटचें म्हण."

"गाडीचें नांव नको, सर. इंजिनाचें घराणें सांगा. आमच्या बोटीचें नांव 'जयमल्हार' असतें, म्हणून बाजारांत जाऊन जयमल्हारचा पिस्टन द्या असें कोणी म्हणतें का?"

आमच्या समाजांत लग्न ठरवितांना मुलाचें नांव मागाहून विचारतात, गोत्र आधीं. मोटारीच्या बाबतींत मात्र आपण सगळे नांवाशींच थबकतों. दुकानांत जाऊन 'प्रीमियरचें द्या' म्हटलें कीं दुकानदार आपल्याजवळ जें असेल तें देतो, आणि प्रीमियरचें म्हणून बाजारांत जें उरलें आहे तें बहुतेक पद्मिनीचें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत पद्मिनी शेंकड्यांनीं होत्या, त्यामुळें त्यांचे भाग ठिकठिकाणीं मिळत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली, तरी दुकानांच्या माळ्यांवर तिचा माल अजून पडून आहे. पण पद्मिनी आणि ११८ एनई यांचें घर एक असलें तरी कूळ एक नव्हे.

हें कूळ शोधण्यांत आमचे चार दिवस मोठ्या आनंदांत गेले, तें थोडक्यांत सांगतों. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढली, कारखाना कुर्ल्यास. तेथें आधीं अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळविल्या गेल्या, पुढें इटालीच्या फियाटशीं संबंध जुळला, आणि त्यांतून पुढें पद्मिनी झाली. १९८५ सालीं कंपनीनें जी नवी गाडी आणली तिचें अंग इटालीच्या फियाट १२४ चें, परंतु काळीज जपानच्या निस्सान कंपनीचें. नांवांतील शेवटचीं दोन अक्षरें त्या निस्सान इंजिनाचीच खूण म्हणून ओळखलीं जातात. त्या इंजिनाचें नांव 'ए-१२'. निस्साननें १९६६ सालीं आपल्या सनी गाडीकरितां 'ए-१०' नांवाचें ९८८ घनसेंटिमीटरचें इंजिन काढलें. १९७० सालीं त्याच घराण्यांत हें ए-१२ जन्मास आलें. सिलिंडरचा व्यास तोच ठेवला, ७३ मिलिमीटर. पिस्टनची धांव ५९ वरून ७० केली. आणि क्रँक पूर्वीं तीन बेअरिंगांवर फिरत असे तो पांचांवर फिरूं लागला. आकडेमोड भावोजींनीं ओटीवर पाटी घेऊन केली, ती ११७१ घनसेंटिमीटरला जुळली. कित्येक दिवसांनीं ते त्या संध्याकाळीं पोटभर जेवले.

हें इंजिन बसविलेली सनी परदेशांत 'डॅटसन १२००' या नांवानें विकली गेली. जपानांत शर्यतपथावर ती आपल्या वर्गांत वर्षानुवर्षें धांवली. तिचीच लहान मालगाडी जपानांत १९९४ पर्यंत, आणि दक्षिण आफ्रिकेंत याच घराण्यांतील मोठें इंजिन घातलेली २००८ पर्यंत नवी मिळत होती. म्हणजे अलिबागेंत आंब्याखालीं निराधार होऊन पडलेल्या आमच्या या गाडीस जगांत नातेवाईक भरपूर होते. तिला आपलें गोत्र ठाऊक नव्हतें एवढेंच.

येथें एक गंमत सांगावयाची म्हणजे, माणसांत सगोत्र विवाह निषिद्ध. इंजिनांत मात्र सगोत्राशिवाय जमतच नाहीं. आणि गोत्र जुळलें तरी प्रवर पाहावे लागतात. याच घराण्यांतील ए-१४ चा व्यास ७६ आणि ब्लॉकहि उंच. ए-१५ ची धांव त्याहून मोठी, आणि तें माल उचलण्याच्या फोर्कलिफ्ट गाड्यांतहि बसविलें गेलें. कित्येक हेडांच्या वायुमार्गांचीं तोंडें लंबगोल, तर कित्येकांचीं वाटोळीं. तेव्हां नांव, मग घराणें, मग माप, आणि शेवटीं जुना भाग प्रत्यक्ष शेजारीं ठेवून ताडून पाहणें, इतकें झाल्याशिवाय पैसे मोजूं नयेत. आपला जुना भाग दुकानदाराच्या किंवा गॅरेजवाल्याच्या स्वाधीन कधींहि करूं नये. तो कितीहि जळका, फुटका असला तरी नवा हातांत येईपर्यंत आपला नकाशा तोच.

श्रावणांत आम्ही आणि भावोजी कुर्ल्याच्या भंगारबाजारांत गेलों. ज्या कुर्ल्यांत ही गाडी जन्मली तेथेंच तिच्या भावंडांचीं हाडें वेंचावयाचीं, हा योग आम्हांस चमत्कारिक वाटला. कारखान्याच्या जागीं आज उंच इमारती आहेत. भंगाराच्या गल्ल्या मात्र तशाच. दोन तासांत सत्तर गाड्यांचीं दारें आणि बम्पर पाहिले. एका वखारींत शेवटीं एक हेड निघालें. भावोजी इतके हरखले कीं भाव करावयाचेंहि विसरले. सुदैवानें मिस्त्रीनें पढविलेलें आम्हांस आठवलें. हेडावर रॉकेल ओतून, पुसून, त्यावर खडूची पूड चोळली. पळभरानें दोन व्हॉल्व्हांच्या मध्यें केसासारखी काळी रेघ उमटली. चीर होती. दुसऱ्या वखारींत "निस्सानचेंच आहे, शेठ" म्हणून जें दाखविलें तें खरोखर निस्सानचेंच होतें. पण तोंडें वाटोळीं. बहुधा कोणा फोर्कलिफ्टचें. दुकानदार खोटें बोलला नव्हता. आपण अर्धवट विचारलें तर जग अर्धवट उत्तर देतें.

पुण्याच्या जुन्या बाजारांतहि आम्ही दोन रविवार घालविले. तेथें आम्हांस एक पितळी अडकित्ता मिळाला.

भाद्रपदांत गणपतीसाठीं सगळें घर अलिबागेस जमलें, आणि दुसऱ्याच दिवशीं आरतीनंतर ओटीवर वाद पेटला. आमचा भाचा पुण्यास इंजिनिअर आहे. त्यानें कागदावर सगळा आराखडाच काढून आणला होता. मागील चाकें चालविणाऱ्या सध्यांच्या एका व्हॅनचें इंजिन या गाडींत बसतें. भाग कोठेंहि मिळतात, तेल कमी पितें, धूर कमी सोडतें. परिवहन कार्यालयाची आगाऊ मान्यता घ्यावयाची, नोंदणीपुस्तकांत बदल करून घ्यावयाचा, कीं झालें. "मामा, तुम्हीच सांगा, आणखी किती दिवस वखारी धुंडाळणार? आणि पेट्रोलमध्यें आतां वीस टक्के इथेनॉल आहे. हेड मिळेलहि, पण उद्यां पंपाचा पडदा फुगेल, परवां रबरी नळ्या सुटतील. बाबांचें वय काय कमी होतंय?"

त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदा त्या काळच्या पेट्रोलसाठीं केलेला. इथेनॉलनें तो खराब होतो, आणि नळी फुटून गरम इंजिनावर पेट्रोल गळूं लागलें तर तेथें जिवाशींच गांठ. भावोजी मात्र एकाएकीं असे संतापले कीं त्यांस तसें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. "मग दवाखान्याच्या पाटीवरचें नांवहि बदला! इंजिन काढलें तर अप्पांची गाडी म्हणून उरलें काय? पत्रा?" भाचा उठून विहिरीकडे गेला. ताई मोदकांचें निमित्त काढून स्वयंपाकघरांत शिरली. आम्ही दोन्ही बाजू पटल्यासारखी मान हलवून मोकळे झालों, हें कबूल करतों.

माई माळ ओढीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघेहि त्यांच्या नांवानें भांडतां आहांत. ते गाडी जपा असें कधीं म्हणाले नव्हते रे. चालती ठेवा, म्हणाले होते. पांघरूण घालून तिची पूजा करावयाची असेल तर माझ्यासाठीं नको. मला एकदां तिच्यांतून चौलास रामेश्वराला नेऊन आणा. दिवाळीपर्यंत हें मिळालें तर हें घाला, नाहीं तर पोरगा म्हणतो तें घाला. मला त्याचें दुःख व्हायचें नाहीं." भावोजींनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. पण त्या दिवसापासून आमच्या शोधास मुदत पडली.

हेडाचा प्रश्न आम्हीं पुण्यास सोडविला. भोसरीस एका लहानशा कारखान्यांत आर्गॉन वायूच्या आवरणांत अल्युमिनियम जोडण्याचें काम होतें. तेथील तरुण कारागिरानें हेड आधीं भट्टींत संथपणें तापवून घेतलें, कारण थंड धातूवर एकदम आंच दिली तर तें तडकतें. मग एकेक खड्डा भरला, हेड हळूहळू निववलें, आणि यंत्रावर त्याचें तोंड सपाट केलें. पट्टी धरली तेव्हां दोन थाऊचें पानहि आंत गेलें नाहीं. असें काम करणारे हात आपल्या आसपास आहेत, आणि त्यांच्या दारावर पाटीहि नसते.

गॅस्केटची गोष्ट याहून सोपी निघाली, आणि ती सोडविली घरांतल्याच मुलीनें. आमची धाकटी भाची मेलबर्नला असते. ऑस्ट्रेलियांत डॅटसन १२०० एके काळीं घरोघर होती आणि हौशी लोक ती अजून जपतात. तिला आम्हीं गाडीचें नांव कळविलेंच नाहीं. इंजिनाचें घराणें, क्रमांक, ७३ मिलिमीटर व्यास आणि जुन्या गॅस्केटचें पट्टी शेजारीं ठेवून काढलेलें छायाचित्र, एवढेंच पाठविलें. दुकानदारानें दहा मिनिटांत सबंध संच काउंटरवर ठेवला, आणि विचारलें, ही गाडी कोठें आहे? भाचीनें अलिबाग सांगितलें. त्यास तें कळलें नसावें. पण त्यानें पाण्याच्या पंपाचें एक सील आपल्यातर्फे पिशवींत टाकलें. दिवाळीस येतांना तिनें तो संच पैठणीच्या घडींत ठेवून आणला.

जुन्या गाडीसाठीं कोणता भाग जुना चालतो आणि कोणता नाहीं, याविषयीं मिस्त्रीचा दंडक आम्हीं वहींत लिहून घेतला आहे. बीड आणि पोलाद यांचे जाड भाग, म्हणजे ब्लॉक, क्रँक, मॅनिफोल्ड, हे तपासून जुने घ्यावेत. सिलिंडर झिजला असेल तर वीस थाऊ मोठा बोअर करून मोठे पिस्टन घालतां येतात, किंवा लायनर ठोकून पुन्हा मूळ मापावर आणतां येतें. रबर, गॅस्केट, बेअरिंगाचीं कवचें जुनीं घेऊं नयेत. आणि ब्रेकचा कोणताहि भाग भंगारांतून आणणाऱ्याच्या गाडींत त्यानें स्वतः बसावें, दुसऱ्यास बसवूं नये. सुदैवानें आमच्या सिलिंडरांची झीज नाममात्र निघाली; अप्पांनीं तेल वेळेवर बदललें होतें. भाच्याचें म्हणणेंहि वायां गेलें नाहीं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले, आणि तें काम त्यानें स्वतः गाडीखालीं निजून केलें. बाप-लेक त्या दोन दिवसांत एकमेकांशीं पान्यांच्या नंबरांखेरीज कांहीं बोलले नाहींत, पण तिसऱ्या दिवशीं चहा एकत्र घेतला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान होतांच हेडाचे बोल्ट शेवटचे आवळले गेले. मिस्त्रीनें ते एकदम आवळूं दिले नाहींत; मधल्यापासून कडांकडे, तीन फेऱ्यांत, मापाच्या पान्यानें. किल्ली फिरवावयास भावोजींनीं माईंस सांगितलें. त्यांनीं ती नातवाकडे दिली. पहिल्या खेपेस नुसता घरघराट, दुसऱ्या खेपेस इंजिन लागलें, आणि शेजारच्या आळींतून कोणी तरी ओरडलें, "डॉक्टर निघाले वाटतं!" त्या आवाजास पस्तीस-चाळीस वर्षांची ओळख होती.

चौलाच्या वाटेवर माई पुढें बसल्या होत्या. आम्ही मागें, गुडघे हनुवटीस लावून. तापमानाचा कांटा अर्ध्यावर जाऊन थांबला, आणि जातां-येतां तेथून हलला नाहीं. भावोजींचा डोळा रस्त्यापेक्षां त्याच्यावरच अधिक होता, हें माईंनीं दोनदां बजावलें. रामेश्वराच्या पुष्करिणीशीं उतरतांना भाच्यानें सवयीनें पाण्याची बाटली भरावयास घेतली, तशा त्या म्हणाल्या, "तें तुमच्यासाठीं. हिच्यासाठीं नव्हे."

आतां अलिबागेच्या त्या घरीं माजघरांत अप्पांच्या औषधांच्या कपाटापाशीं शुद्ध पाण्याचा एक कॅन आणि कूलंटची बाटली असते. दोहोंवर माईंनीं स्वतः शाईनें 'गाडीचें' असें लिहून ठेवलें आहे. विहिरीच्या रहाटावर बादली पूर्वींसारखीच लटकते. अंगणांतून गाडीकडे पाणी घेऊन कोणी जाऊं लागला, मग तो पाहुणा असो कीं जांवई, त्या ओटीवरून विचारतात, "कुठलें रे तें?"